विहीर दिसेपर्यंत

आमच्या गावाला चारही बाजूंनी पाणी आहे असं मी मंचरच्या बाजारात सांगतो, तेव्हा लोक हसतात. म्हणतात, तुझ्या बोलण्यातलं पाणी उपसून काढलं तर तीन बाजूंनी उरेल. खरं आहे. चौथ्या बाजूला कडा आहे. पण तो कडा चढून पलीकडं जायचं म्हणजे माणूस निघतो तेव्हा तरणा असतो आणि उतरतो तेव्हा त्याला नातवंडं झालेली असतात. म्हणून मी ती बाजू धरत नाही.

धरण झालं तेव्हा मी पाटी-दप्तराच्या वयाचा होतो. खालचं गाव पाण्यात गेलं. ज्यांना अक्कल होती ते सरकारनं दिलेलं घेऊन पूर्वेला उतरले, तिकडं ऊस लावला, बंगले बांधले. ज्यांचा पाय निघाला नाही ते पत्रे आणि कोंबड्या घेऊन वरच्या टेकाडावर चढले. आमचं घराणं या दुसऱ्यांतलं. तेव्हापासून पावसाळ्यात पाणी चढलं की आम्ही बेटावर आणि उन्हाळ्यात उतरलं की परत जमिनीवर. बसल्या जागी वर्षातून दोनदा परदेशी जाऊन येणारं दुसरं गाव कुणी दाखवावं, मी मिशा काढतो.

होडी म्हणजे आमची एसटी. दळण, गॅसची टाकी, शेळी, नवरी, मयत, सगळं तिच्यातनं. माझ्या हळदीला बँडवाले होडीत वाजवत आले. ढोलाच्या दणक्यानं मासे आपण होऊन उडून फळ्यांवर पडले आणि सगळ्या भावकीला कालवण पुरलं. माझी बायको म्हणते, मासे आदल्या दिवशी जाळ्यात धरले होते. ती त्या वेळी माहेरी हळद लावून बसली होती, तिला काय दिसणार. आणखी एकदा लोणीकडचे पावणे आमच्यातली मुलगी बघायला निघाले. मध्यावर वारा सुटला. मुलाच्या मामानं होडीच्या फळीला अशी मिठी मारली की उतरल्यावरही ती सुटेना, शेवटी त्याला फळीसकट पडवीत बसवून पोहे खायला घातले. सोयरीक काही जमली नाही.

आता जमिनीचं. कागदावर आमची तिथं बोटभर जमीन नाही. पाण्याखालचं सगळं शिवार धरणात गेलं, मोबदला वाटला गेला, सातबाऱ्यावरनं आमच्या आज्याचं नाव पुसलं गेलं. पण माघात पाणी उतरायला लागलं की खालनं जो गाळ निघतो, त्याच्यासारखं रान पुण्यापर्यंत नाही. त्यात काठी रोवून विसरलात तर सकाळी तिला पालवी. तिथं आम्ही उन्हाळी भुईमूग करतो. वर टेकाडावर नुसता मुरूम, तिथं नाचणीसुद्धा कुरकुरत येते. वर्षाचं तेल, मीठ-मिरची, औषधपाणी काय भागायचं ते त्या गाळावर भागतं. सरकारी माणसं सगळं बघून न बघितल्यासारखं करतात. त्यांनाही शेंगा आवडतात.

तर मग कुणाचं रान कुठलं, हे ठरवायचं कसं? बांध दर साली गाळात बुजतो. त्यासाठी आमच्याकडं विहीर आहे. जुन्या शिवाराच्या मधोमध, थोड्या उंचवट्यावर, दगडी काठाची. तो काठ पाण्यात आहे तोवर सगळं पाणी. गुडघाभर असलं तरी पाणीच. कुणीही जाळं टाकावं, कुणीही होडी हाकावी. काठ उघडा पडला की त्या दिवसापासून ती जमीन. मग प्रत्येक घरचं एक माणूस खाली उतरतं, आपल्या जुन्या पट्ट्यात पाय ठेवतं आणि निरगुडीची फांदी रोवतं. दिवस मावळेपर्यंत ज्या पट्ट्यात घरच्या माणसाचा पाय पडला नाही, तो त्या हंगामापुरता शेजाऱ्यानं करावा. रान पडीक राहू नये, एवढाच म्हाताऱ्यांचा हेतू. आणि काठ दिसायच्या आधी कुणी गाळात पाय घातला, तर त्याचं त्या सालचं रान गेलं.

होड्याही याच विहिरीवर चालतात. काठ दिसत नाही तोवर होडी सरळ तिच्यावरनं पलीकडच्या रस्त्याला लागते. काठ दिसला की जुन्या नदीच्या पात्रानं लांबचा फेरा घ्यायचा. माणसाचा पाय आणि होडीचा पंखा, दोघांना एकच हुकूम.

माझी मधली चुलती त्या विहिरीच्या अगदी अंगाला कसायची. आज्याच्या रानाचे तीन भावांत तीन पट्टे पडलेले. माझा बाप गेल्यावर मी मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकून मंचरला राहिलो, माझा पट्टा दुसऱ्याला दिला. मधला चुलता गेला तेव्हा चुलतीच्या पोटी एक मुलगी, ती लग्न होऊन भोसरीला. राहिला धाकटा चुलता, म्हणजे तिचा धाकटा दीर. त्याचा पट्टा आमच्या टेकाडाकडनं, मग विहीर, आणि विहिरीच्या पलीकडं चुलतीचा. शेजारी म्हणून तिच्या रानावर त्याचाच हक्क पोचायचा, ती चुकली तर.

आणि ती एकदा चुकली. मुलीच्या बाळंतपणाला भोसरीला गेली होती. इकडं धरणातनं वेळेआधी पाणी सोडलं गेलं, विहीर लवकर उघडी पडली, आणि मावळतीला धाकट्या चुलत्यानं तिच्या पट्ट्यात पाय ठेवून फांदी रोवली. नियमानं बरोबर होतं. त्यानं तिला शेंगांची दोन पोती नेऊन दिली, तीही तिनं उंबऱ्याबाहेर ठेवली, शेळ्यांनी खाल्ली. पुढच्या साली तिनं रान परत घेतलं, पण तेव्हापासून दिराशी बोलणं बंद आणि माघ-फाल्गुनात गाव सोडणं बंद. मुलीचं दुसरं बाळंतपण तिनं फोनवर केलं. मी अतिशयोक्ती करत नाही. ती देवळाच्या पायरीवर बसून फोनवर ओरडून सांगायची आणि भोसरीतल्या शेजारणी तसं करायच्या.

ज्या सालची ही गोष्ट, त्या साली संक्रांतीनंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. उजव्या बाजूला. आधी ओवा खाल्ला, मग विटकर तापवून शेकली. ताप यायचा, जायचा. धाकट्या चुलत्याच्या बायकोनं मला फोन केला. आमच्याकडं रेंज फक्त देवळाच्या पायरीवर येते, म्हणून गावातली सगळी गुपितं देवाला आधी कळतात. ती म्हणाली, तुम्ही या, आमचं काय ती ऐकायची नाही.

मी गेलो. चुलती अंगणाच्या टोकाला पोतं अंथरून बसली होती, तोंड पाण्याकडं. चेहरा पिवळट पडलेला. मी म्हणालो, चल घोडेगावला. ती म्हणाली, विहीर दिसू दे. मी जे काही येतं ते सगळं वापरलं. सांगितलं, आता असं मशीन आलंय, दारातनं आत गेलं की पोटातला रोग आपण होऊन बाहेर पडतो, दुपारच्या होडीनं परत. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तुझं खरं धरलं तर मासं आंब्यावर चढत्यात," ती म्हणाली. "विहीर दिसली, पाय ठेवला, की तू म्हणशील तिथं येते. मला काय जगायचं न्हाई व्हय."

मी म्हणालो, तुझ्या वतीनं मी फांदी रोवतो. ती म्हणाली, तुझं घर वेगळं, तुझा पाय चालत नाही. तेही नियमानं बरोबर होतं. मुलगी यायला तयार होती, पण कंपनीत रजा आधी मागावी लागते, आणि रजा मागायला तारीख लागते, आणि तारीख विहिरीच्या हातात.

तर आम्ही विहिरीची वाट बघत बसलो. मी एकटा नाही, सगळं गाव. त्या दिवसांत आमच्याकडं दुसरं काम नसतं. बियाणं फोडून ठेवलेलं, निरगुडीच्या फांद्या दाराशी पाण्यात उभ्या केलेल्या, आणि माणसं पारावर बसून पाण्याकडं टक लावून. पाणी आपलं सपाट. दर सकाळी वाटायचं आज दिसेल. दुपारी कुणीतरी म्हणायचं, औंदा धरणवाल्यांनी पाणी दाबून धरलंय. मग त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

एक गोष्ट आम्ही सगळ्यांनी बघितली. पाण्याच्या ऐन मधोमध बगळे उभे होते. पोहत नव्हते, उभे होते, नुसते पंजे बुडवून. त्या भागात आधी दोन पुरुष खोल पाणी असायचं. धाकटा चुलता एकदा पारावर म्हणाला, पाणी उतरलंय वाटतं, बगळा उभा हाय. तर गावातला सगळ्यात म्हातारा माणूस म्हणाला, उतरलंय तर विहीर कुठाय? मी उत्तर नसताना गप्प बसणारा माणूस नाही. मी म्हणालो, ते बगळे दगडावर उभे असतील. लोकांना पटलं. मी तिथं काहीही बोललो असतो तर पटलं असतं, कारण विहीर दिसत नव्हती आणि विहीर दिसत नाही म्हणजे पाणी.

आदल्या पावसाळ्यात मागच्या कड्याची एक आख्खी कूस घसरून धरणात आली होती. आवाज जुन्नरपर्यंत गेला असं मी तेव्हा सांगत होतो. निदान आमच्या टेकाडावरची भांडी तरी फळीवरनं पडली. माती कुठं गेली, याचा विचार कुणी केला नाही. पाण्यात गेली. पाण्यात काय, काहीही मावतं.

ज्या सकाळी चुलतीला उलट्या सुरू झाल्या आणि पोट दगडासारखं झालं, त्या सकाळी मी तिला विचारलं नाही. गोधडीत गुंडाळली आणि होडीवाल्याला हाक मारली. ती कण्हत होती, पण गोधडीतनं हात काढून माझ्या मनगटाला ओरबाडण्याइतकी शुद्ध होती. होडीवाला माझ्या वयाचा, निम्मं आयुष्य त्या इंजिनाशी भांडण्यात गेलेलं. मी त्याला म्हणालो, पात्रानं घेतोस का, सांभाळून? तो म्हणाला, पात्रानं गेलो तर तिकडं दुपार होईल. विहीर दिसली न्हाई म्हंजी वर पाणी हाय, सरळ घेतो. मी मान हलवली. पलीकडच्या रस्त्यावर जीप उभी करून ठेवली होती, तिचा टप इकडनं दिसत होता.

काठावर सगळं गाव आलं होतं. धाकटा चुलताही होता, मागं, हाताची घडी घालून.

होडी निघाली. हाक मारली तर काठावर ऐकू जाईल इतक्याच अंतरावर गेली, आणि तिचा सूर बदलला. आधी घरघर, मग घुर्र, मग इंजिनानं उचकी दिली आणि बंद. होडी पुढं सरकत गेली आणि मऊ, अगदी गादीवर टेकल्यासारखी, थांबली. होडीवाल्यानं बांबू खाली घातला. वीतभर पाणी, आणि खाली गाळ. बांबू गाळात जात राहिला आणि वर ओढताना येईना. पंखा पूर्ण रुतला होता. बगळे आमच्या दोन्ही बाजूंना उभे राहून आमच्याकडं बघत होते.

मी खाली उडी मारली, मांडीपर्यंत गेलो. होडीवाला उतरला, तोही गेला. माझं घर त्या हिशेबात नव्हतं आणि होडीवाल्याचं पोट इंजिनावर, त्यामुळं आम्हाला काही गमवायचं नव्हतं. आम्ही दोघांनी ढकललं, होडी हलली नाही. मी काठाकडं ओरडलो की फळ्या आणा, पत्रे आणा, या.

कुणी आलं नाही.

वाईट माणसं नव्हती ती. मी त्यांच्यात जेवलोय, त्यांच्या लग्नात नाचलोय. ती काठावर अगदी पाण्याशी येऊन थांबली होती, कुणी धोतर वर खोचलं होतं, कुणी चपला काढल्या होत्या, आणि पाय तेवढा पडत नव्हता. पुढं गाळ होता आणि विहीर दिसलेली नव्हती. पाय टाकला तर वर्ष गेलं. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या पायाकडं बघत होता.

मग धाकटा चुलता गर्दीतनं पुढं झाला आणि सरळ आत शिरला. त्याच्या बायकोनं सदरा धरला, तो तिच्या हातात फाटून राहिला. तो स्वतःच्या पट्ट्यातनं, एक एक पाय हातानं उपसत, आमच्याकडं यायला लागला. होडीपासून दोन-तीन हातांवर आला असेल, तेवढ्यात होडीतनं आवाज आला. चुलती गोधडीतनं कोपरावर उठली होती.

"भावजी, तितंच थांबा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. "पाय काढा माझ्या रानातनं."

"वयनी, तुमाला न्यायला आलोय."

"मागच्या टायमालाबी असंच कायतरी म्हणला व्हता तुमी. पाय काढा आधी."

होडीवाला म्हणाला, काकी, इथं मरणाची पाळी आलीय. ती म्हणाली, माझी आलीय, तुझी न्हाई, तू गप.

धाकट्या चुलत्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार. मग त्यानं एक पाय मागं घेतला. दुसरा घेतला, जरा बाजूला. आणि एकदम हातभर उंच झाला. मी, होडीवाला, आम्ही मांडीपर्यंत गाळात, आणि तो आमच्या समोर नुसता घोट्यापर्यंत बुडून उभा, त्या बगळ्यांसारखा. त्यालाही कळेना. त्यानं पाय आपटला. मग खाली वाकला, दोन्ही हातांनी चिखल बाजूला सारला, पाणी मारलं, परत सारला. काळा, घडीव दगड दिसला. वळण घेत गेलेला.

विहीर कधीचीच वर आली होती. कड्याची माती तिच्यावर वीतभर थापून बसली होती, एवढंच. आमच्या कायद्यानं ते अजून पाणी होतं. त्याच पाण्यात आम्ही होडी घातली, आणि त्याच पाण्यासाठी चुलती पोटाला वीट लावून बसून राहिली.

तो दगडावर तसाच उभा राहिला. पाय हलवला नाही.

"मी विहिरीवर हाय, वयनी," तो म्हणाला. "तुमच्या रानात माझा पाय न्हाई. विहीर दिसली. तुमी उतरा, पयला पाय तुमचा."

तिनं त्या दगडाकडं बघितलं. मग माझ्या खांद्याला धरून तिनं उजवा पाय होडीच्या काठावरनं खाली सोडला. गुडघ्यापर्यंत गेला. तिचा चेहरा दुखण्यानं वेडावाकडा झाला, पण पाय तिनं काढला नाही. म्हणाली, फांदी.

होडीत फांदी नव्हती. बांबू देतो म्हटलं, नको. वल्हं देतो म्हटलं, नको. निरगुडीची पाहिजे. ती तिच्या दाराशी होती, बादलीत.

मी वळून काठाकडं ओरडलो की विहीर दिसली, काकीच्या दारातली फांदी आणा आणि सगळे या, होडी काढायचीय.

आणि सगळे आले. मी पुष्कळ अचाट गोष्टी सांगतो, पण मला कुणी ही सांगितली असती तर मी मानली नसती. विहीर दिसली म्हटल्याबरोबर काठ रिकामा झाला. माणसं घराकडं पळाली, फांद्या घेऊन परत आली आणि बाया-बापे, म्हातारे-कोतारे, गाळात घुसून चारी दिशांना पांगले. जो तो आपापल्या पट्ट्याकडं. कुणी पडत होतं, कुणी हातापायांवर चालत होतं, सगळ्या शिवारात पचपच पचपच आवाज. मध्ये आमची होडी, तिच्यात एक बाई अर्धी आत, अर्धी बाहेर. सगळ्यात म्हातारा माणूस तर आमच्या इतक्या जवळनं गेला की त्याची फांदी मला लागली. म्हणाला, आलोच राव, एवढी लावून येतो.

येणार होते ते. तसं आलेही. पण आधी फांदी.

चुलतीची फांदी धाकट्या चुलत्याच्या बायकोनं आणली. तिनं आपल्या घरची आधी रोवली नाही, हेही सांगितलं पाहिजे. तिनं ती नवऱ्याच्या हातात दिली, त्यानं दगडावरनं वाकून माझ्या हातात, मी चुलतीच्या. तिनं रोवली. ती आडवी झाली, परत रोवली. मग म्हणाली, आता न्या. आणि डोळे मिटले.

तिचा पाय गाळातनं काढायला आम्हाला जोर लावावा लागला. मग एकेक करत लोक आले, फळ्या आल्या, दोर आला, पन्नास हातांनी होडी मागं ओढून पात्रात घातली. होडीवाल्यानं पंख्यातला गाळ बोटांनी कोरून काढला. लांबच्या फेऱ्यानं निघालो. पलीकडं पोचलो तेव्हा जीपवाला झाडाच्या सावलीत सरकला होता, इतकं ऊन वर आलं होतं.

घोडेगावच्या अलीकडं जी वळणं आहेत, तिथं कुठंतरी ती गेली. नेमकं कुठल्या वळणावर ते मला सांगता यायचं नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तिच्याशी बोलत होतो. मंचरच्या एका म्हशीची गोष्ट सांगत होतो, जी दुधाऐवजी चहाच द्यायची. चुलतीला माझ्या गोष्टी आवडायच्या, खोटं आहे म्हणायची पण उठून जायची नाही. गोष्ट संपली तरी ती काही बोलली नाही, तेव्हा मी खाली बघितलं. तिचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत वाळलेल्या गाळानं पांढरा पडला होता. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, दुखणं कधीपासनं होतं. मी सांगितलं, संक्रांतीपासनं. मग एवढे दिवस काय करत होता? मी म्हणालो, विहिरीची वाट बघत होतो. त्याला वाटलं, मला धक्का बसलाय. त्यानं मला बाकावर बसवून पाणी दिलं.

परत तिला होडीतनंच नेलं. पात्रानं.

दहाव्याला मुलगी भोसरीहून आली, नवरा आणि दोन पोरं घेऊन. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागला. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मुलगी म्हणाली, आई, रान काकाला देते, तू काळजी करू नको. कावळा बसून राहिला. मग धाकटा चुलता पुढं झाला, हात जोडून पुटपुटला, कुणाला ऐकू गेलं नाही. कावळा शिवला. मी लोकांना सांगतो की कावळ्यानं आधी त्याच्याकडं बघून मान हलवली. ते सोडा. पण शिवला एवढं खरं.

जेवणं झाल्यावर म्हाताऱ्यांनी मुलीला रीतसर विचारलं. ती म्हणाली, मी कंपनीत जाणारी, मला शेंग कुठल्या बाजूनं पेरतात तेही आता आठवत नाही. काका, तुम्ही करा, मनापासून सांगते. मी म्हणालो, रान पडीक ठेवू नये हाच तर नियम. सगळ्यात म्हातारा म्हणाला, शेजारी म्हणून हक्क पोचतोच. सगळ्यांनी माना हलवल्या. धाकटा चुलता पत्रावळ्या गोळा करत होता. तो थांबला नाही.

"पाय वयनीचा पडलाय," तो म्हणाला. "ह्या सालचं रान तिचं. मला पाय काढ म्हणलीय ती."

म्हातारे टोप्या झटकत उठले.

पेरणीला उशीर झाला होता, सगळ्या गावाचाच. गाळ वरनं आवळत चालला होता. मी त्या आठवड्यात दुकान बंद ठेवून राहिलो, का ते मला नीट सांगता येत नाही. धाकट्या चुलत्याचा पाय विहीर दिसायच्या आधी पडला होता, पण विहीर कधीचीच वर होती म्हणून म्हाताऱ्यांनी ते धरलं नाही. तो आणि त्याची बायको आपल्या पट्ट्यात भुईमूग टोकत होती. ती खुरप्यानं खड्डा करायची, तो दाणा टाकून पायानं दाबायचा. विहिरीपर्यंत ओळ आली की तो वळायचा. पलीकडं चुलतीचा पट्टा, तसाच, भेगा पडायला लागलेला, आणि त्यात तिची फांदी. ती एकटी फांदी सुकली होती.

एका वळणावर त्याच्या हातातली वाटी कलंडली आणि मूठभर दाणे विहिरीच्या पलीकडं सांडले. त्यानं बायकोला थांबायला सांगितलं. विहिरीच्या काठावर गुडघे टेकून, पाय अलीकडं ठेवून, तो लांब हात करून एक एक दाणा भेगांतनं वेचायला लागला. काही आत गेले होते, ते त्यानं काडीनं उकरून काढले. ऊन मी म्हणत होतं. मी बाजूनं म्हणालो, राहू दे की, मूठभर दाण्यानं काय होतंय.

त्यानं मान वर केली नाही.

"उगावलं म्हंजी?" तो म्हणाला.